ताटावरचं नाव

३ नोव्हेंबर, सोमवार

नेलंच मला! परवा रांजणापाशी भोवळ आली, एवढंच. त्यावर लेकानं, हरिओमनं, घर डोक्यावर घेतलं आणि सून स्नेहा त्याच्या वरताण — "आत्या, तुम्ही काईच खायना झालाव." श्रावणात हे गेले, तेव्हापासून भूक मेली आहे. त्यात नवल काय?

तर औरादचं ते नवं आरोग्य केंद्र. तिघं समोर बसली होती — डॉक्टरीणबाई, आहारवाली जगदेवी आणि मनाचं बघणारा बुद्धरत्न. एक पोट बघणार, एक ताट बघणार, एक मन बघणार! "आमची टीम हाय, माणूस सगळा मिळून बघतो आम्ही." एका बैलाला तीन कासरे बांधले तर तो चालणार कुठे?

जगदेवीनं गोल ताटाचं चित्र दिलं. अर्ध्यात भाजी, पाव भागात डाळ, पाव भागात भाकरी. "अक्का, तुमच्या ताटाशी धरून बघा." एवढ्यासाठी शिकली ही! येळवशीला, अवसेच्या सणाला, आमच्या रानात जेवायला ये म्हणावं. सगळ्या भाज्या-डाळी एकत्र शिजवलेल्या भज्जीच्या एका पातेल्यात हिचं सगळं शिक्षण शिजतं.

४ नोव्हेंबर

चित्र पिठाच्या डब्यावर ठेवलं. झाकणाच्या कामी आलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

वजन आणखी उतरलं. बुद्धरत्न विचारतो, "मावशी, जेवायच्या वेळी काय वाटतंय?" काय वाटायचं? जेवायची वेळ झाली असं वाटतं! त्यानं ते लिहूनसुद्धा घेतलं, शहाण्यानं.

डॉक्टरीणबाई मात्र हसली नाही. आणखी दोन आठवड्यांत वजन चढलं नाही तर बिदरला दाखल करायचं म्हणाली. हरिओमनं लगेच मान डोलावली.

बिदरला नेलेले हे परत आले नाहीत. मला भीती वाटते. लिहिलं, बस.

१३ नोव्हेंबर

जगदेवी घरी टपकली. चित्र पिठानं माखलेलं बघूनही रागावली नाही. उलट म्हणते, "तुमचं ताट दाखवा, केवढं हाय बघू."

फळीपाशी गेले. हरिओमचं ताट होतं, पाहुण्यांची होती, ह्यांचं मोठं काठाचं होतं.

"माझं न्हाई."

"न्हाई म्हंजे?"

आता या पोरीला काय सांगावं? लग्न झाल्यापासून ह्यांचं जेवण झालं की त्याच ताटात मी वाढून घ्यायची. बाजूला लोणच्याची एक फोड माझ्यासाठी ठेवून उठायचे. आमच्यात सगळ्या बायका अशाच जेवल्या. आता त्या ताटात आधी कुणी जेवतच नाही, तर मी कशी बसू? घशाखाली घास उतरत नाही.

हे सगळं तिला सांगून बसले! का सांगितलं कोण जाणे. चहाला थांब म्हटलं तर थांबली नाही.

स्नेहासुद्धा हरिओमच्याच ताटात जेवते. "एक भांडं घासायचं वाचतंय," म्हणते. आळशी कुठली!

१७ नोव्हेंबर, सोमवार

चुगलखोर! एकीला सांगितलं आणि तिघांना ठाऊक. याला टीम म्हणतात होय?

वर माझ्याच पुढ्यात भांडली. डॉक्टरीणबाई म्हणते, नवं ताट घ्या, विषय संपला. बुद्धरत्न म्हणतो, "तसं न्हाई ताई, मावशीला वाटलं तर घेतील. आन् जुनं ताट मोडीत जायला नको." जगदेवीला ताट खोलगट हवं, आमटी मावेल असं. बाजार भरवला नुसता!

मग बुद्धरत्न हळूच म्हणाला, "काका फोड कोणत्या बाजूला ठेवायचे हो?"

"डाव्या," म्हटलं आणि रडू फुटलं. तिघांच्या समोर! हे गेले तेव्हासुद्धा एवढी रडले नव्हते. कुणी "रडू नका" म्हणालं नाही. शरम वाटली. रडून झाल्यावर मात्र भूक लागली. केंद्रातलं उप्पीट खाल्लं, कागदाच्या ताटलीत. मिठाला कमी होतं.

२१ नोव्हेंबर

बाजार. आप्पाराव भांडेवाल्याकडून ताट घेतलं. खोलगट. जगदेवी म्हणाली म्हणून नव्हे, मला आवडलं म्हणून.

आप्पारावनं न विचारताच नाव घालायचं मशीन घेतलं. "वैनी, श्रीपतराव घालतो." कळशीपासून पळीपर्यंत आमच्या घरी ह्यांचंच नाव आहे, त्यानंच घातलेलं. मशीन घरघरायला लागलं.

"थांबा!"

"मग? हरिओम घालू का?"

"राजूबाई घाला."

"कुणाला आहेर द्यायलाव?"

"मला!"

असा बघत राहिला, जणू मी गाढवावर बसून आले. अक्षर वाकडंतिकडं घातलं मेल्यानं. पण वाचता येतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

वजन चढलं. फार नाही, पण चढलं. बिदर टळलं! जगदेवी अशी फुलली, जणू भाकऱ्या हिनंच थापल्या. बुद्धरत्न नुसता हसला. डॉक्टरीणबाई म्हणाली, "बघा, आमच्या टीमचं यश." भूक माझी, ताट माझं, यश ह्यांचं! पुढच्या सोमवारी जाईन म्हणा. उप्पिटात मीठ घालायला कुणीतरी हवं.

लोणच्याची फोड आता मीच ठेवते. डाव्या बाजूला.

२५ नोव्हेंबर

भांडी घासताना स्नेहा माझ्या ताटावरच्या नावावरून बोट फिरवत होती. मला बघून थांबली. मग खाली मान घालून म्हणाली, "आत्या, पुढच्या बाजारी मला बी एक आणताव का?"