जिन्यात टेबल अडकले असताना झालेल्या मतदानाबाबत

महबूला, कुवेत
दिनांक : ११ जून २००५

प्रति,
मा. निवडणूक अधिकारी (श्री. विश्वास टिपणीस),
मराठी स्नेहसंवर्धक मंडळ, महबूला
(मंडळास स्वतंत्र कार्यालय नसल्याने : पाचवा मजला, आपले व अर्जदाराचे राहते घर)

विषय : दि. २७ मे रोजीच्या सर्वसाधारण सभेत बायकांनी दिलेली मते ग्राह्य धरणेबाबत.

संदर्भ : मंडळाचे अध्यक्ष श्री. अभिनव रिसबूड यांची लेखी हरकत, दि. ३ जून.

महोदय,

१. खरे तर हा विषय घरी न्याहारीच्या वेळीच निघाला होता. परंतु आपण पोह्यांची बशी खाली ठेवून, "पद्मजा, हे असं तोंडी नको. हरकत लेखी आहे, खुलासाही लेखी हवा," असे फर्मावलेत आणि बशी पुन्हा उचललीत. त्यास अनुसरून हा अर्ज. यात 'आपण' म्हणजे केवळ निवडणूक अधिकारी समजावे. नवऱ्याशी अर्जदाराचे काहीही भांडण नाही.

२. अर्जदार सौ. पद्मजा टिपणीस ही मंडळाचा शुक्रवार सकाळचा मराठी बालवर्ग इमारतीच्या बेसमेंटमधील हॉलमध्ये चालवते. ही मुले आईने मराठीत हाक मारली तर इंग्रजीत ओ देतात. त्यांच्या तोंडी 'चिमणी', 'खोडकर' आणि 'भोकाड' बसवता बसवता अर्जदाराच्या नाकी नऊ येतात. तरी वर्ग चालतो, याचे बरेचसे श्रेय तिसऱ्या मजल्यावरच्या नोएमीबाईंना. या बाई इटलीतील तोरिनो शहरच्या, वय चौसष्ट. मुलगा इथे एका तेलप्रकल्पावर इंजिनीअर, म्हणून त्याच्याकडे राहत होत्या. मराठीचे एक अक्षर येत नसे, पण त्यांनी मातीचे हत्ती करायला घेतले की कुणाच्या हत्तीची सोंड मोठी यावरून मुले आपसूक मराठीत भांडू लागत.

मे महिन्यात श्री. रिसबूड यांनी ठराव आणला की, वर्ग बंद करावा व हॉल शुक्रवारी टेबल टेनिसला द्यावा. मंडळाच्या नियम सातप्रमाणे मत कुटुंबास एक, आणि ते 'कुटुंबप्रमुखाने' द्यायचे. म्हणजे त्या हॉलमध्ये मुलांची नाके पुसणाऱ्या एकाही बाईला त्या हॉलविषयी मत नव्हते.

३. हरकतीत असे म्हटले आहे की, 'एका परक्या बाईने आमच्या बायकांना भडकवले.' यावर खुलासा करताना थोडे मागे जावे लागते, त्याबद्दल क्षमस्व.

दि. १६ मे रोजी इथल्या संसदेने कुवेती स्त्रियांना मताचा हक्क दिला, हे आपणास ठाऊक आहेच. त्या संध्याकाळी अर्जदार नोएमीबाईंकडे कॉफीला गेली होती. खाली रस्त्यावर मोटारी हॉर्न वाजवत चालल्या होत्या. एक तरुण मुलगी गाडीच्या खिडकीतून अर्धी बाहेर येऊन निळा रुमाल फडकावत होती आणि तिची आई तिला आत ओढता ओढता स्वतःच बाहेर येत होती. नोएमीबाई बाल्कनीत उभ्या राहून टाळ्या वाजवत हसत होत्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. मग त्यांनी अर्जदाराला आत नेले, बाल्कनीचे दार लावले आणि या गावात मुलाखेरीज कुणालाही ठाऊक नसलेली गोष्ट सांगितली. त्या ज्यू आहेत. (मुलाचे काम संपल्याने त्या ५ जून रोजी त्याच्यासह मायदेशी परतल्या. पोहोचल्यावर फोनवर म्हणाल्या, "आता लिही. सगळं लिही." म्हणूनच लिहीत आहे.)

४. बाईंच्या पणजीच्या जन्माच्या सुमारास, १८४८ साली, तोरिनोच्या ज्यूंना नागरिकत्वाचे हक्क मिळाले. ज्या कोंडवस्तीतच त्यांना राहावे लागे, तिची दारे उघडली. पुरुष वकील झाले, फौजेत गेले, निवडून आले. पणजी मात्र एका दारातून बाहेर पडली ती दुसऱ्या दाराच्या आत. मोठी होऊन लग्न झाले आणि तिला कळले की स्वतःच्या नावचे घर विकायला किंवा कर्ज काढायलाही नवऱ्याची परवानगी लागते. हा कायदा ज्यू असो वा नसो, इटलीतल्या साऱ्याच विवाहित बायकांना लागू होता, तो थेट १९१९पर्यंत. पणजीने मग आपल्या मुलीला शिकवायचे मनावर घेतले. ती मुलगी, म्हणजे बाईंची आजी आल्लेग्रा, शाळेत शिक्षिका झाली. लोक तिला विचारीत, "तू आधी इटालियन की आधी ज्यू?" ती म्हणे, "आधी मास्तरीण. घंटा झालीय, बाजूला व्हा."

१९३८ साली तिथल्या सरकारने वंशाचे कायदे आणले. ज्यू शिक्षक आणि ज्यू मुले, दोघांनाही सरकारी शाळेतून काढले. आल्लेग्राने त्या काढलेल्या मुलांनाच शिकवायला घेतले. पुढे जर्मन फौजा आल्या तेव्हा ती डोंगरातल्या एका खेड्यात भलत्याच नावाने लपून राहिली. कुणी हाक मारली आणि आपण ओ द्यायला चुकलो तर जीव जाईल, म्हणून ती आरशासमोर त्या खोट्या नावाला ओ देण्याचा सराव करी.

लढाई संपली. २ जून १९४६ रोजी इटलीतल्या बायकांनी देशाच्या निवडणुकीत पहिल्यांदा मत दिले. पाच वर्षांच्या नोएमीचे बोट धरून आजी केंद्रावर गेली. कारकुनाने यादीतून तिचे खरे नाव वाचले, माहेरच्या आडनावासकट. आजी म्हणाली, "पुन्हा वाचा." त्याने वाचले. "नीट ऐकू नाही आलं." मागच्या बायका कुरकुरू लागल्या. कारकून चिडला आणि खच्चून ओरडला. तेव्हा आजी म्हणाली, "हं! आता रस्त्यापर्यंत गेलं," आणि मग कुठे तिने मतपत्रिका हातात घेतली. हे सांगताना नोएमीबाई इतक्या हसल्या की कॉफी गालिच्यावर सांडली. त्यांनी ती पुसलीही नाही.

महोदय, भडकवणे म्हणतात ते एवढेच. दुसऱ्या दिवशी अर्जदाराने ही गोष्ट, बाईंचे नाव न घेता, वर्गाच्या इतर आयांना सांगितली.

५. आता २७ मेची हकीगत. सभा पाचला होती. पाचला पाच मिनिटे असताना अध्यक्षांनी ठराव मंजूर होण्याआधीच मागवलेले टेबल हाफ लॉरीतून (इथे छोट्या मालगाडीला असे म्हणतात) दारात आले. ते लिफ्टमध्ये मावेना. तेव्हा झाडून सारे पुरुष ते उचलायला गेले आणि बेसमेंटच्या जिन्याच्या वळणावर ते असे अडकले की ना वर जाईना, ना खाली येईना. सगळे कुटुंबप्रमुख टेबलाच्या पलीकडे राहिले. अलीकडे, हॉलच्या दारात, टेबलाचा एक पाय छातीशी धरून फक्त आपण उभे होता.

पलीकडून अध्यक्षांचा आवाज आला, "तुम्ही सुरू करा, आम्ही आलोच!" सभा सुरू झाली ती या आदेशाने. ठराव वाचला गेला. 'वर्ग चालू राहावा असे वाटणाऱ्या कुटुंबप्रमुखांनी हात वर करावेत,' असे विचारले गेले. कुणी हलेना. तेवढ्यात शहराच्या रिग्गई भागातून येणाऱ्या नर्मदा सिस्टर उठल्या. या इस्पितळात परिचारिका आहेत, इथे वर्षानुवर्षे एकट्या राहतात, नवरा-मुले नाशिकला. मंडळाच्या दप्तरी त्यांची नोंद त्यांच्या मेव्हण्याच्या कुटुंबात आहे. त्यांनी हात वर केला आणि म्हणाल्या, "नर्मदा घोलप. माझ्या कुटुंबाची इथली प्रमुख मीच, कारण इथं दुसरं कुणी नाहीच."

मग अर्जदार उठली. 'पद्मजा' एवढेच म्हणाली, पण ते इतके मोठ्याने निघाले की तिची तीच दचकली. त्यानंतर कोण कुणाला आवरणार? जी ती उठे, हात वर करी आणि आपले नाव ओरडे. कुणी माहेरचे आडनाव, कुणी दोन्ही, एकीने तर लहानपणीचे लाडके नावही घातले. जिन्यातून एकीच्या नवऱ्याने विचारले, "अगं राजश्री, काय गोंधळ आहे?" "मतदान!" "बरं, उरकून घ्या!" ही संमतीही इतिवृत्तात नोंदवली आहे.

आपली पाठ हॉलकडे असल्याने मोजणी कोणी करायची हा प्रश्न आला. ज्यांचे मत नाही, ज्यांना भाषा कळत नाही, अशा तटस्थ व्यक्ती एकट्या नोएमीबाई होत्या. त्यांनी प्रत्येकीच्या हाताला बोट लावत "उनो, दुए, त्रे" करीत मोजले. एकविसाव्या हाताला "व्हेंतुनो!" म्हणून त्यांनी जी आरोळी ठोकली, ती ऐकून वरच्या बाजूला कुणाच्या तरी हातून टेबल सुटले. अखेर राखणदार फारूकने पाय सुटे करून टेबल सोडवले आणि पुरुष आत आले, तोवर चिवडा वाटून झाला होता.

या सर्व काळात आपले खांदे हलत होते. ते वजनाने की हसण्याने, याचा खुलासा आपणच करावा.

६. हरकतींबाबत : (अ) 'कुटुंबप्रमुख हजर नव्हते.' ते कोण, हे नियमात लिहिलेले नाही. हजर होत्या त्यांनी ती जागा भरली. (आ) 'मोजणी मराठीत झाली नाही.' व्हेंतुनो म्हणजे एकवीस. कोणत्याही भाषेत ते शून्यापेक्षा जास्तच. (इ) 'प्रत्येकीने पतीचे संमतिपत्र मागाहून जोडावे.' हे मात्र अर्जदार जोडणार नाही. आपण शेजारच्या खोलीतच असता, मागितले तर देऊन टाकाल, हे ठाऊक असूनही जोडणार नाही. अर्जदाराला संमती नको आहे, मत हवे आहे.

७. सबब विनंती की, सदर मतदान वैध ठरवावे, बालवर्ग चालू ठेवावा, आणि यापुढे प्रत्येक प्रौढ सभासदाची नोंद तिच्या किंवा त्याच्या स्वतःच्या नावाने करावी.

तसेच, २४ जूनच्या निवडणुकीत अर्जदार अध्यक्षपदासाठी उभी राहत आहे. सूचक, श्रीमती नर्मदा घोलप. अनुमोदकाची जागा काल दुपारपर्यंत रिकामी होती. संध्याकाळी अर्जदार स्वयंपाकघरातून बाहेर आली तेव्हा त्या जागी एक सही होती, शाई ओली होती, आणि आपण टीव्हीवर अरबी बातम्या फार मन लावून पाहत होता. आपणास अरबी येत नाही.

उमेदवाराच्या अनुमोदकास निवडणूक अधिकारी राहता येत नाही, हे आपणच मागल्या वर्षी सर्वांना बजावले होते. तेव्हा आपणास राजीनामा द्यावा लागेल. तरी कृपा करून आधी या अर्जावर निर्णयाची सही करावी आणि मग राजीनाम्यावर. हा क्रम चुकू नये.

आपली नम्र, पण माघार न घेणारी,

पद्मजा कर्णिक-टिपणीस

सोबत :
१) सभेचे इतिवृत्त (एकवीस सह्यांसह)
२) उमेदवारी अर्ज
३) आपल्या राजीनाम्याचा मसुदा, अर्जदाराने तयार केलेला
४) पेन