बासष्टचे चार

हमरापूर, ता. पेण
१५ जुलै २०२५

चि. काळूस,
कान्हूदादाचे आशीर्वाद. अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून पत्र फाडू नकोस, बातमी चांगली आहे. इकडे सगळे खुशाल. मी तर इतका खुशाल आहे की सकाळपासून तीन माणसांना रिपोर्ट दाखवून झाला, त्यातला एक दूधवाला.

मे महिन्यात मी पेणला आठ दिवस दवाखान्यात होतो. माझ्या छातीला आपण दमा म्हणायचो. तो दमा नव्हे, सीओपीडी, असं डॉक्टर म्हणाले. इतक्या वर्षांची पॉलिश पेपरची धूळ, कॉम्प्रेसरचा रंग आणि माझ्या विड्या, सगळं फुप्फुसात जाऊन बसलंय. तेव्हा रक्तातला सीआरपी बासष्ट होता. काल आला चार. पाचाच्या आत म्हणजे नॉर्मल. बासष्टचे चार, काळू! कमी मार्क पडले म्हणून माझं कौतुक झालं असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

आणि हे मला समजावलं कोणी? दवाखान्यात रक्त घ्यायला आलेली मुलगी नळीवरचं माझं नाव वाचून थांबली. हमरापूरचेच का, म्हणाली. हो म्हटलं.

"मी ऋतुजा. काळुरामची."

तुझी लेक रोह्याहून रोज पेणच्या लॅबमध्ये येते, हे मला कुठून कळणार? मी पाहिली होती ती आठ वर्षांची, आपल्या गणपतीच्या कारखान्यात बसून शाडूचे उंदीर करायची. सुई कधी टोचली ते कळलंसुद्धा नाही. हात तुझाच आहे. बाबांना सांगू नकोस असं मीच तिला बजावलं होतं, तेव्हा तिला रागावू नकोस.

तिने सांगितलं, मोठे बाबा, छातीत आग पेटली की हा आकडा चढतो, विझली की उतरतो. इओसिनोफिल नावाच्या पेशीही माझ्या जास्त निघाल्या. त्या पाहून डॉक्टरांनी तोंडाने ओढायचा पंप निवडला, आणि तो लागू पडला. मला सगळे आकडे पाठ आहेत. आरती अजून दुसऱ्या कडव्याला अडते, हे तुझी वहिनी दूधवाल्यालाही सांगून मोकळी झाली.

तर काल रिपोर्ट घेऊन तसाच कारखान्यात गेलो आणि सांगून टाकलं की उद्यापासून मूर्तींच्या डोळ्यांच्या आखणीला मी बसतो. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

इथपर्यंत लिहिलं तेव्हा तुझी वहिनी हौसा मागे उभी राहून वाचत होती. ती म्हणाली, "खरा काय हाय ता लिवा, नायतर पत्र चुलीत घाला." मी चिडून उठलो. कारखान्यात जाऊन आलो. आता दुपार झाली आहे, आणि खरं लिहितो.

रक्ताशिवाय आणखी एक चाचणी झाली, नळीत फुंकायची. मी टाळत होतो, उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला. शेवटी फुंकलं. फुप्फुसाची ताकद उरली छत्तीस टक्के. मी ऋतुजाला म्हटलं, अगं पण रक्त चांगलं आहे ना? ती माझा हात धरून म्हणाली, "आग विझली हे रक्त सांगतं, मोठे बाबा. घर किती जळलं ते फुंकल्यावरच कळतं." जळलेलं परत येत नाही. आहे तेवढं जपायचं.

डोळ्याची रेघ ओढताना श्वास धरायचा, हे बाबांनी आपल्या दोघांना एकदमच शिकवलं. काल संध्याकाळी एक लहान मूर्ती पुढ्यात घेतली. चार मोजेपर्यंत खोकला आला. ब्रश वेळेवर उचलला म्हणून मूर्ती वाचली.

अकरा वर्षांपूर्वी उचलला नव्हता.

रोह्याच्या मंडळाच्या मोठ्या गणपतीचा डावा डोळा मी काढला होता. तो तिरळा झाला तो माझ्या खोकल्याने. मंडळाची माणसं ओरडत आली तेव्हा सगळ्या कारखान्यासमोर मी म्हणालो, काळूने काढला. तू माझ्याकडे पाहिलंस, ब्रश पाण्यात ठेवलास आणि गेलास. एका शब्दाने मला खोटं पाडलं नाहीस. मे महिन्यात डॉक्टरांनी विचारलं, धाप कधीपासून लागते? मी दोन वर्षं म्हणालो. खरी अकरा. तेव्हा मला छातीची भीती वाटली होती, पण कान्हूचा हात गेला असं लोक म्हणतील याची जास्त. त्या भीतीपायी तुला रोह्याला कंपनीत शिफ्टची नोकरी करायला लावलं. मला फार लाज वाटते, काळू.

मघाशी जाऊन आलो ते यासाठीच. कारखान्यात सगळ्यांना बसवून सांगितलं. मग मंडळाच्या अध्यक्षांना फोन करून त्यांनाही सांगितलं. यंदा अकरा वर्षांनी त्यांची मूर्ती पुन्हा आपल्याकडे आहे. ते म्हणाले, मग यंदा डोळे काळुरामच काढतील ना? मी हो म्हणून बसलो. तुला न विचारता. बघ, छाती बिघडली तरी जीभ ठणठणीत आहे.

ऋतुजा सांगत होती, शिफ्टच्या वहीच्या मागच्या पानांवर तू अजून डोळे काढतोस, नुसते डोळेच. इथे दोनशे चाळीस मूर्ती डोळ्यांवाचून उभ्या आहेत. रविवारी तुला सुट्टी असते. ये. मी रंग कालवून देईन, ब्रशला हात लावणार नाही.

पण मूर्तींसाठीच बोलावतोय असं समजू नकोस. मूर्ती झाल्या नाहीत तरी ये. फोनवर दोन वाक्यांत मला धाप लागते, आणि तू फोन उचलतही नाहीस. समोर बसून मला हवं तितकं बोल, शिव्या दे. ऐकून घ्यायला फारसा श्वास लागत नाही. तेवढा माझ्याकडे आहे.

हे पत्र ऋतुजाच्या हाती देतो आहे. वाचून झाल्यावर हवं तर मंडळाच्या फळ्यावर लाव. म्हणून खाली सही नीट करतो.

रोह्याच्या गणपतीचा डावा डोळा ज्याने बिघडवला, तो
तुझा दादा,
कान्हू