म्हशीचं नाक

१२ मार्च

रेडिएटर काढला. हातात धरून उजेडाकडे बघितलं. एक किरण आरपार येईल तर शपथ! जाळी चिखलाने लिंपलेली, वाळून वीट झालेली. ही वीट पुढे लावून रविवारी आम्ही शर्यत जिंकायला निघालो होतो!

राग उतरत नाही. चिखलाचा चर निम्म्याहून जास्त पार केला होता. बाकीच्या गाड्या मागे नुसती चाकं फिरवत होत्या. आणि आमची गाडी वाफ सोडून जागच्या जागी बसली. भोंग्यावरचा तो बडबड्या ओरडला, "म्हैस डुंबायला बसली हो!" सगळं मैदान खिदळलं. म्हैस हे नाव मीच ठेवलं, पण चिखलाला भीत नाही म्हणून. डुंबायला नव्हे!

भंगारातल्या ट्रकमधून मी आणि धाकट्या भावाने उभी केलेली उघडी गाडी. बांधतो मी, चालवतो तो. कुणी ठरवलं नाही, तसंच चालत आलंय.

चिखल पुढून येतो. मग रेडिएटर पुढे का? सगळे पुढे लावतात म्हणून? ही गाडी ज्यांनी काढली त्यांच्या डोळ्यांसमोर डांबरी रस्ता होता. माझ्यासमोर चर आहे. मागे नेणार. ड्रायव्हरच्या पाठीमागे, हौद्यात, उंचावर. तिथवर चिखलाचा बाप पोचणार नाही.

१३ मार्च

बायको चहा घेऊन आली. गाडीचं मोकळं तोंड बघून म्हणते, "आता म्हशीचं नाक शेपटाला लावणार वाटतं!" धाकटा हसून हसून खाली बसला. मी हसलो नाही. चहा मात्र प्यायलो.

वेल्डर आला, त्याचंही शहाणपण — "मागे वारं कसं लागणार?" म्हटलं, चरात गाडी माणसाच्या चालीने जाते, तिथे पुढे तरी कुठलं वारं लागतंय? वारं पंख्याने आणायचं. दोन पंखे, बॅटरीवर. त्याने पट्टी काढून हौदा मोजला. मग म्हणाला, "कुठे बघितलंत हे?" कुठे बघितलं! कुठेतरी बघितल्याशिवाय माणसाला काही सुचूच नये का?

१६ मार्च

दोन नळ्या. एक इंजिनातलं गरम पाणी मागे नेणार, दुसरी थंड झालेलं परत आणणार. दोन्ही सीटखालून. पूर्ण लांबीला रबर घालणारे महाभाग असतील, मी नाही. रबर चिमटतं, फुगतं, रुसतं. धातूची नळी, आणि रबर फक्त सांध्यापुरतं. प्रत्येक सांध्याला दुहेरी पट्टी. वाकवताना एका नळीला सुरकुती पडली — बारीक, वेल्डरला दिसलीसुद्धा नाही. फेकली. दुसरी वाकवली.

एक पंखा उलटा फिरत होता. तारा बदलल्या. जाळीवर वर्तमानपत्राचं पान धरलं आणि सोडलं. चिकटून राहिलं! पंखा हवा ओढतोय की फेकतोय हे बघायला याहून मोठं यंत्र लागत नाही.

१८ मार्च

पेन दाबून दाबून कागद फाटतोय.

धाकटा सीटवर बसला. मान वळवून मागे बघितलं. रेडिएटर मानेपासून हातभर. म्हणाला, "दादा, मधे पत्रा घाल. भिंतीसारखा."

"कशाला?"

"सांधा सुटला तर उकळतं पाणी सरळ पाठीवर येईल."

"माझ्या हातचा सांधा सुटलाय कधी?"

"नाही सुटला. तरी घाल."

तरी घाल! याला पाना धरायला मी शिकवलं! मी सांगितलं, पंखे त्याच बाजूने हवा ओढतात, तिथे भिंत घातली तर गुदमरतील. ते खरंच आहे. वाट काढता आली असती, पत्रा थोडा पुढे घेऊन खालून हवा सोडता आली असती. पण का काढू? पत्रा घातला की मैदानातला प्रत्येक जण समजणार, बांधणाऱ्याचाच आपल्या कामावर भरवसा नाही.

आणि हा कोण भिणारा? दारं काढून गाडी चालवणारा माणूस! पट्टा लाव म्हटलं तर "तू माझी आई झालास का?" म्हणणारा! दोनदा उलटला, दोन्ही वेळा गाडीतून रांगत बाहेर येऊन आधी टोपी शोधली. आणि आता याला पाठ भाजायची भीती!

मुलगी ऑफिसमधून येऊन दारात उभी होती. म्हणते, "बाबा, काका बरोबर बोलतोय. एक पत्रा तर आहे." मी म्हटलं, तू तुझ्या ऑफिसचं बघ. तोंड फुगवून आत गेली. घरात एकही माणूस माझ्या बाजूचा नाही!

२२ मार्च, रविवार

वीटभट्टीमागच्या दलदलीत चाचणी. धाकटा आला. "आजच्यापुरता बसतो" म्हणाला, जसा काही पाहुणा.

दोन फेऱ्या. मी बाजूच्या पायरीवर लटकून, डोळे इंजिनाची उष्णता दाखवणाऱ्या काट्यावर. काटा हलेना! तळाशी, थंड! एवढा चिखल, एवढा जोर, आणि इंजिन जसं काही आत्ताच झोपेतून उठलंय. मी ओरडलो. नाचलोही असेन.

त्याने गाडी बंद केली. मधेच.

"दादा, वास येतोय. तापलेल्या लोखंडाचा."

"काटा बघ!"

"काटा बघितला. वासही घेतला."

"काटा खोटं बोलत नाही. माणूस घाबरला की त्याला वास यायला लागतात!"

 खाली उतरला. किल्ली बॉनेटवर ठेवली. "भिंत घाल, मग बोलव." आणि चालत निघाला. चालत! ओरडून बोलावलं तरी वळून बघितलं नाही.

भागूबाई!

२३ मार्च

त्याचा फोन नाही. मीही केला नाही.

२५ मार्च

आज एकट्यानेच इंजिन चालू ठेवून बसलो होतो. सवयीने इंजिनाच्या माथ्यावर हात ठेवला आणि बोंब मारली. तळव्याला फोड. काटा बघितला — तळाशी. थंड!

दोघांपैकी एक खोटा. माझा तळवा तर नाही.

बंद केलं, पायरीवर बसून विचार केला. कळायला वेळ लागला नाही, हीच शरम. पाणी मी नेहमीसारखं रेडिएटरच्या तोंडातून ओतलं. रेडिएटर पुढे होता तेव्हा ठीक होतं. आता पाणी मागून ओतायचं, ते सीटखाली उतरायचं आणि पुन्हा वर इंजिनात चढायचं. इंजिनाच्या माथ्यातली हवा जाणार कुठे? तिथेच कोंडली. आणि काट्याला उष्णता कळवणारी कळ बसवलेली नेमकी तिथेच! ती पाण्यात नव्हतीच, हवेत होती. खाली इंजिन भाजत होतं आणि काटा सांगत होता, सगळं गार आहे.

इंजिन निवू दिलं. कळ सैल केली. फुस्स! इतकी हवा निघाली की मी मागे सरकलो. मग पाणी थुंकली, मग धार लागली. मागून आणखी किती पाणी गेलं त्याची आता लाज वाटते. कळ आवळून चालू केलं. काटा चढला, मध्यावर आला आणि तिथेच ठरला. आता खरं बोलतोय.

म्हणजे वास खरा होता. आणखी एक फेरी मारली असती तर उकळलंच असतं. त्याच्या मानेमागे.

गाढवा! पुस्तकं वाचून नापास झालेल्यांना हसतोस, आणि स्वतः पाणी ओतता येत नाही!

धाकट्याला सांगायला हवं. नाही सांगितलं. सांगितलं की लगेच म्हणणार, "बघ, म्हणून भिंत." हवा तर काढली! आता भिंत कशाला?

२७ मार्च

न राहवून फोन केला. भावजयीने उचलला. "ते बाहेर गेलेत, भावोजी." कुठे, विचारलं तर, "मला सांगून जातात का?" आवाजात काहीतरी लपवत होती.

ठरलं. रविवारी मीच चालवणार. जेवताना सांगितलं. बायको म्हणाली, "तुम्ही? तुम्हाला आपल्या फाटकातून गाडी मागे घेता येत नाही."

"फाटकाचा खांब वाकडा आहे."

"तुम्हीच वाकवलाय तो."

मुलगी हसली. माझ्याकडे न बघता.

२९ मार्च, रविवार

तिसरा.

गाडी पहिली होती, ड्रायव्हर तिसरा! हे लिहितानाही रागाने दात खातोय. दोन गाड्यांची नाकं चिखलाने भरून वाफ आली, एक तर माझ्या डोळ्यांसमोर बसली. माझा काटा मध्यावर. हलला नाही. मागे पंखे सुरात. एकाही सांध्यातून थेंब नाही! आणि शेवटच्या चढाला मी गिअर उशिरा टाकला. गाडी हिसका देऊन मागे आली, तेवढ्यात दोघे पुढे गेले.

भोंगा ओरडला, "म्हैस आज उभी आहे हो!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या माझ्या नाहीत, मला माहीत आहे.

धाकटा दोरीपलीकडे उभा होता. सगळे पांगल्यावर आला. रेडिएटरवर हात ठेवला. "बरा आहे."

"बराच आहे."

"दुसरा गिअर उशिरा टाकलास."

"माहीत आहे."

मला वाटलं, आता म्हणेल, पुढच्या वेळी मी बसतो. काट्याचं सगळं सांगायला मी तोंडही उघडलं होतं. त्याने सीटच्या पाठीमागे बघितलं. भिंत नाही. बघितलं आणि वळला. एवढंच.

आणि मुलगी! मी गाडी दोरखंडाने बांधतोय, तर ही त्याच्या पिकअपमध्ये जाऊन बसली. "काका सोडेल मला." आपला बाप तिसरा आला, त्याच्याबरोबर चार पावलं चालावं, एवढंही नाही. घरी आली ती अंधार पडल्यावर. कुठे होतीस, तर म्हणे, "इथेच."

१ एप्रिल

वेल्डरने विचारलं, पुढच्या शर्यतीला कोण बसणार? म्हटलं, मी. त्याला खोकला आला. बराच वेळ खोकला.

५ एप्रिल, रविवार

धाकट्याला काट्याचं सांगून टाकायचं म्हणून गेलो. घरी नव्हता. वीटभट्टीमागून इंजिनाचा आवाज आला, तिकडे वळलो.

त्याची जुनी पिकअप दलदलीत. तो शेजारच्या सीटवर, हाताची घडी घालून. स्टिअरिंगवर माझी लेक. कानापर्यंत चिखल. चढ आला आणि तिने गिअर टाकला — अगदी वेळेवर. धाकटा काही बोललासुद्धा नाही. म्हणजे बरेच दिवस चाललंय.

माझ्या गाडीच्या त्या सीटवर कोण बसणार होतं, ते आज कळलं.

हाक मारली नाही. घरी येऊन भिंतीसाठी पत्रा काढला. तिच्या पाठीचं माप माझ्याकडे नाही. संध्याकाळी आली की घेतो.