तुझे सासरेही जपूनच वागायचे

सूनबाई,

छकुलीला घेऊन बागेत जाते आहे. जेवण झाकून ठेवलंय. तुम्ही दोघं दवाखान्यात जाऊन या, नर्सबाई एकपर्यंत असतात.

मधली भिंत पातळ आहे, त्यामुळे सकाळचं तुमचं भांडण कानावर पडलं. तो म्हणाला, "मी वेळेवर बाजूला होतो ना, मग साधनं कशाला?" तू म्हणालीस, "तुझ्या वेळेवर माझं क्रेनचं ट्रेनिंग टांगून ठेवणार नाही मी." पोरी, भिंतीअलीकडे मी मान डोलावली. इतकं स्पष्ट बोलायला आमची जीभ कधी उचलली नाही.

त्याला वाटतं, धांदरट माणसांचंच फसतं. तुझे सासरे काचा बसवायचे. उभ्या जन्मात त्यांच्या हातून एक तावदान फुटलं नाही. घरातही तसेच जपून, तेही वेळेवरच बाजूला व्हायचे. दोन मुलींवर थांबायचं ठरलं होतं आमचं. नर्सबाई सांगतात, नुसतं बाजूला होण्यावर विसंबलं तर वर्षभरात पाच जोडप्यांमागे एकाला तरी दिवस जातात.

ही चिठ्ठी त्यालाही वाचायला दे. तोंडाने सांगायची मला लाज वाटली असती. तू लिहायला शिकवलंस म्हणून बरं झालं. आणि "माझ्यावर विश्वास नाही का?" असं त्याने पुन्हा विचारलं, तर सांग, आईचा बाबांवर पूर्ण विश्वास होता, म्हणून तर तू आहेस.

आई