काकांच्या खुर्चीवर चाचा

४ मार्च, मंगळवार
रोजे सुरू झाले. मुकादमचाचांना डायलिसिसमुळे रोजा धरता येत नाही, पण इफ्तारला नातवंडांच्या पंगतीत बसायचंय. त्यामुळे दुपारची शिफ्ट नको. सकाळवाले जाधवकाका लगेच म्हणाले, "माझी खुर्ची घ्या की. मी दुपारचा येतो. आता काय मला मार्केटात गोण्या उचलायच्या न्हाईत." गुरुवारपासून अदलाबदल. दोघांनी आपसातच ठरवलं, मला नुसतं सांगितलं. मला आवडलंच. टेक्निशियन सागरला म्हटलं, बघ, आपलं डायलिसिस सेंटर म्हणजे घर आहे.

६ मार्च, गुरुवार
सकाळची शिफ्ट सुटल्यावर धुण्याच्या खोलीत गेले. ट्रेमध्ये जाधवकाकांच्या नावाचा डायलायझर, रक्त गाळायचं नळकांडं. आत रक्ताची लाली. काका तर अजून आलेच नव्हते!
सागर म्हणाला, "मॅडम, आमी खुर्ची बघून लावतो. सकाळी चार नंबर म्हणजे जाधव." आणि चार नंबरवर होते चाचा. त्यांचं रक्त तासन्‌तास काकांच्या डायलायझरमधून फिरलं. ज्याचा त्यालाच, धुऊन परत त्यालाच, एवढा साधा नियम.
सागर रडकुंडीला आला. त्याला काय ओरडू? अदलाबदलीला मान डोलावणारी मी. इन्चार्ज मी. नाव विचारून लावतात की नाही, कधी उभं राहून पाहिलंय?
काकांना दुपारी कोरा डायलायझर लावला. कारण नाही सांगितलं.
सेंटरच्या डॉक्टर सरांना फोन. "धुतलेला होता ना? मग झालं. चाचांना कशाला टेन्शन? पुढच्या आठवड्यात पाहणीला लोक येतायत." सेंटर त्यांचं, पेशंटही त्यांचेच ना?
दोघांचं रक्त तपासायला पाठवलं. काका गावी होते म्हणून त्यांची नेहमीची रक्ततपासणी राहूनच गेली होती. तेही आजच लक्षात यावं.

८ मार्च, शनिवार
अदलाबदल बंद. नवी पद्धत : पेशंटने स्वतःच्या तोंडाने नाव सांगायचं, डायलायझरवरचं नाव मोठ्याने वाचायचं, मगच लावायचा. सगळ्यांची करमणूक. दोन नंबरच्या काकू, "उखाण्यात घेऊ का सिस्टर?" एरवी मीच हसले असते.
चाचा मुकाट्याने दुपारी आले. इफ्तार हुकला असणार. का बंद केलं, विचारलंही नाही.

१० मार्च, सोमवार
रिपोर्ट आले. चाचा निगेटिव्ह.
काका हेपटायटिस सी पॉझिटिव्ह. रक्तातून पसरणारी कावीळ.
रिपोर्टवरचं नाव पुन्हा ताडून पाहिलं.
सर म्हणतात, "चाचा निगेटिव्ह आहेत, प्रश्न मिटला." चार दिवसांत हे रक्तात दिसत नाही. काही आठवडे, महिने पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. सरांना माहीत नाही? चांगलं माहीत आहे. आणि तरी एवढ्या शांतपणे बोलले!
त्यांना मेसेज टाकला : चाचांना आज सांगतेय. निळी खूण आली, वाचला त्यांनी.
संध्याकाळी चाचांच्या घरी. नातवंडं त्यांना बिलगून बसली होती, त्यांचं खाणं उरकेपर्यंत थांबले. मग गॅलरीत सगळं सांगितलं. चूक आमची, पुढच्या तपासण्या आमच्या खर्चाने. फक्त डायलायझर कोणाचा ते नाही.
चाचा म्हणाले, "नाव नका सांगू बेटा. खुर्ची कोणाची होती, मला ठाऊक आहे ना." थोड्या वेळाने, "जाधवला कळू देऊ नका. माझ्यासाठी उठला तो. जिवाला लावून घेईल."
बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? सर लपव म्हणाले तेव्हा संताप आला होता. चाचांनी तेच सांगितलं आणि मी मान डोलावली.

११ मार्च, मंगळवार
सर सकाळी आले. पाहणीबद्दलच बोलले, माझ्याकडे न बघता. जाऊ दे. नोकरीचं होईल ते होईल.
काकांना रिपोर्ट सांगितला. आता मागच्या खोलीत वेगळं मशीन, औषध आहे, बरं होतं. "गोळ्या खातो की. त्यात काय." मलाच धीर देत होते.
काका मशीनवर बसले. सागरने नाव विचारलं. काकांनी तोंड उघडलं आणि तसेच थांबले. सागरच्या हातातल्या डायलायझरवरचं नाव वाचत होते. मग माझ्याकडे वळले.
"शिष्टर, गुरवारी चाचा माझ्या खुर्चीवर व्हता. त्याला कुणाचं लावलं वो?"
मी म्हटलं, आधी सुई लावू द्या काका, मग बोलू.
लावली. तेव्हापासून डोळे मिटलेले नाहीत त्यांचे. दारातून दिसतंय मला.
मशीन वाजतंय. त्यांचं डायलिसिस संपलं. सुई काढायला मलाच जायचंय.