आत्याच्या सेटमधली टकटक

प्रिय आत्या,

जयभीम. हे आईले सांगता येत नाही म्हणून तुले लिहून राहिलो. आपल्या घरात भूत-बीत मानत नाहीत, अन् ते मले तूच शिकवलं. मग सांगू कोणाले?

कॅम्प-1 च्या कबाड्याकडं कूलरची मोटर पाहायले गेलो होतो. मोटर राहिली बाजूला, भंगारात तुझा वॉकीटॉकी दिसला. स्टील प्लँटमधी ज्याच्यावरून तू क्रेनवाल्यांशी बोलायची, तोच. बटनावर तू लावलेला नेलपॉलिशचा लाल ठिपका अजून होता. तू जाऊन वर्ष झालं. सेट तिथं कसा आला, कबाड्याले माहीत नाही. मी विकत घेऊन आलो.

सेक्टर 10 मधी साहू सर हॅम रेडिओ शिकवतात. लायसन्स काढायचं अन् हवेतून दूरच्या अनोळखी माणसांशी गप्पा मारायच्या. मी दोन क्लास केले, मग अमरकंटकले निघून गेलो. तिथं एका साधूच्या चुलीवर चार दिवस रोट्या भाजल्या, ते जाऊ दे. भिलाईले परत आलो, सरले तुझा सेट दाखवला तर म्हणाले, "पहले पुराने क्रिस्टल निकाल. ये अब भी प्लँट का चैनल पकड़ के बैठा है. नए डालेंगे, तब अपने बैंड पे आएगा."

चॅनल पकडणारे ते दोन्ही क्रिस्टल काढले, बशीत ठेवले. भर दुपार, आई समोर लसूण सोलून राहिली होती. सेट सहज चालू केला. आता त्याले कोणाचंच ऐकू यायले नको होतं, आत्या. अन् आतून आवाज आला. टक टक.

"काय वाजलं रे?"

"काही नाही."

"काही नाही तं पांढरा कावून पडला?"

तुमच्या क्रेनवर बोलायले सवड नसली की बटनच दाबायचे ना? एकदा म्हणजे ऐकलं. दोनदा म्हणजे पुन्हा सांग. लहानपणी तूच सांगितलं होतं.

सरनं सेट उघडून पाहिला. "नॉइज है बेटा. बैटरी का कॉन्टैक्ट ढीला होगा." कॉन्टॅक्ट घासला, बॅटरी बदलली. त्यांच्याकडं तासभर गप. कुरुदले घरी आणला अन् टक टक.

काय विचारून राहिली ते मले कळते. तुझा शेवटचा फोन. "पिंट्या, कवा येतं?" मी कोरब्याच्या ढाब्यावर मित्रांसोबत होतो. "हो हो, येतो," म्हटलं अन् कापला. तीन दिवस तू दवाखान्याच्या दाराकडं पाहत होती म्हणे. तवा कावून नाही विचारलं पुन्हा? अजून एक फोन करायचा ना, आत्या!

परवा बोलायच्या बटनावर अंगठा ठेवला. दाबला नाही. पण ठेवला तशी टकटक थांबली, जसं कोणी ऐकायले जवळ आलं.

परीक्षेचा फॉर्म भरला आहे. पास होईपर्यंत भिलाई सोडणार नाही. लायसन्स आलं की तुझ्याच सेटवरून पहिले माझं नाव सांगीन, मग सांगीन की मी येतो म्हणालो अन् निघालोच नाही. गाडी होती, वेळ होता, तरी निघालो नाही. सगळं सांगीन. तू ऐक. फक्त तुझा आवाज येऊ देऊ नको. आला तर मी पुन्हा पळून जाईन.

तुझा,
पिंट्या