रुखवतातली पेटी

माय, तू जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण तुझ्यावरचा माझा राग गेला नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं काही गोडगोड येईल अशी वाट पाहायला नको. काल भावाचा अकोल्याहून फोन आला. त्याच्या पोरीचं लग्न जमलं, अमरावतीचे लोक आहेत. रुखवतात मांडायला आत्यानं मस्कतहून काहीतरी आणावं असं पोरीचं म्हणणं. मी म्हटलं, इथल्या खजुरीच्या पानांची टोपली आणते, एक बाई माझ्या डोळ्यांदेखत विणून देते. तर तो म्हणतो, "ताई, अकोल्यात टोपल्या कमी हायेत काय? काही ढंगाचं आन ना. मागच्या वक्ताले..." मागच्या वेळी काय झालं ते आपल्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

मागच्या वेळी म्हणजे धाकटीच्या लग्नात. मी तेव्हा मस्कतला नवीन. नवरा गाड्या दुरुस्त करायच्या कामाला, मी घरात कोंडलेली, भाषा येत नाही, रस्ते माहीत नाहीत. तूच फोनवर म्हणाली होती, "तिकडची एखादी वस्तू आनजो, धाकटीच्या सासरच्याईले दिसलं पाहिजे आपली पोरगी कुठं रायते ते." तुझ्या त्या एका वाक्यापायी मी चार शुक्रवार बाजार पालथा घातला. शेवटी एका दुकानात नक्षीची लाकडी पेटी दिसली, पितळेचे खिळे ठोकलेली. दुकानदार हिंदी बोलणारा. म्हणाला, इथं पोरीला सासरी जाताना अशी पेटी देतात. मला ते फार आवडलं. आपल्यासारखंच आहे म्हटलं. खाली एक कागद चिकटवलेला होता, त्यावर इंग्रजी अक्षरं. मला वाटलं, इंग्रजी आहे म्हणजे पक्का बाहेरचा माल. कागदाचा कोपरा सुटत होता तर मी घरी आल्यावर भाताच्या शितानं नीट चिकटवला, लोकांना दिसावा म्हणून. विमानात पेटी मांडीवर घेऊन बसले.

रुखवत मांडलं. क्रोशाचे रुमाल, सुपारीचे नवरा-नवरी, कुरडयांचा डोंगर, अन् मधोमध माझी पेटी. नवरदेवाची आत्या मास्तरीण होती. तिनं पेटी उचलली, उलटी केली, डोळ्यांजवळ नेली अन् सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. "अवो, हे तं आपल्याच देशात बनलेली हाय. खाली लिवलं हाय ना."

बायांनी तोंडाला पदर लावले. एक म्हातारी म्हणे, "पेटीले इमानात फिरवून आनली म्हना की."

मीही हसले असते, माय. बोललीच तशी ती. पण तू पुढं झाली, त्या आत्याबाईकडं पाहून हसली अन् म्हणाली, "माही पोरगी अडाणी हाय वो. तिले काय समजते, जे हाती देलं ते घिऊन येते." अन् ती पेटी उचलून पापडाच्या डब्यामागं ठेवली.

अडाणी. हा शब्द मी अजून गिळलेला नाही. मला अडाणी ठेवलं कोणी? चौथी झाली अन् तू माझं नाव काढलं. पोरीच्या जातीले चार यत्ता लय झाल्या, म्हणाली, अन् भाजीच्या पाटीमागं बसवलं. पहाटे मळ्यातून मेथी काढायची, जुड्या बांधायच्या, दिवसभर बाजारात ओरडायचं. तिथं मात्र शेजारच्या माळणीला तू मोठ्या तोऱ्यात सांगायची, माही पोरगी गिऱ्हाईकाचं तोंड पाहून ओयखते, घेनार का नाई ते. बाजारात हुशार अन् व्याह्यांपुढं अडाणी, असं कसं जमतं? तुझ्या वांग्यात कीड निघाली म्हणून कोणी परत घेऊन आलं की तू अर्धा बाजार डोक्यावर घ्यायची, वांगं चुकलं असं मरेपर्यंत कबूल करायची नाही. माझ्यासाठी एक वाक्य नाही निघालं तोंडातून. दुकानदारानं फसवलं तिला, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. वांग्याइतकीही माझी बाजू नव्हती काय?

त्या दिवसापासून मी चकचकीत दुकानाची पायरी चढले नाही. इथल्या आपल्या बाया मॉलमधून उंटाच्या बाहुल्या घेतात, गावी नेऊन वाटतात. मला बोलावतात, मी जात नाही. कोणाला काही द्यायचं असलं की मस्कतपासून दूर, डोंगराखालच्या एका गावी जाते. तिथं दाराशी एक म्हातारी बसते. पानं भिजवून चिरते, त्यांची वेणीसारखी लांब पट्टी विणते अन् ती पट्टी गोल गोल शिवत नेते. मी समोर बसते, टोपली पुरी होईपर्यंत उठत नाही. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला. ओल्या पट्टीला हात लावला की फटकन् माझ्या हातावर मारते. मारू दे. निदान कोणाच्या हातचं घेते ते मला दिसतं. येत्या शुक्रवारी भाचीची टोपलीही अशीच घेऊन येईन.

भावाला काल सांगून टाकलं, "तुह्या पोरीच्या रुखवतात ही टोपलीच येईन. अन् मधोमध बसन. कोनी डब्यामागं सरकवली तं मी मांडवातून उठून जाईन." तो म्हणाला, "ताई, तू अजून तेच धरून बसली?" हो, धरून बसले. ज्याला बसवलं तोच धरून बसतो.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. अन् तू असती तरी तुला कुठं वाचता येत होतं, मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. तेल्हाऱ्याच्या मावशीची पत्रं नाही का मीच वाचायची. चौथीच्या परीक्षेनंतर तिचं एक आलं होतं. तू चुलीपाशी भाकरी थापत होती अन् मी उंबऱ्यावर बसून वाचत होते. मावशीनं लिहवून घेतलं होतं की पोरीचं नाव शाळेतून काढू नको, तुझ्याच्यानं होत नसेल तर माझ्याकडं पाठव, मी शिकवते. ती ओळ मी वाचलीच नाही. सरळ खालचा नमस्कार वाचला. मला बाजारात बसायचं होतं, माय, तिथं लई मजा वाटायची. तू तवा फिरवता फिरवता विचारलं, "एवढंच लिवलं काय वं?"

मी म्हटलं, एवढंच.